ताटातलं नाव

लग्नाला सतरा दिवस उरले होते आणि घरात अजून एकाही माणसाने काम म्हणावं असं काही केलेलं नव्हतं, असं सरोजबाईंचं ठाम मत होतं. गहू निवडलेले नाहीत, रुखवताची एक वस्तू नाही, हळकुंडांचा वास नाही, पाहुण्यांच्या गाद्या कुठे घालायच्या यावरून भांडणसुद्धा नाही. नातीचं, म्हणजे कादंबरीचं लग्न ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या कुठल्याशा लॉनवर होतं, आणि सगळं करणार होती समृद्धी नावाची एक पोरगी. दुसऱ्यांची लग्नं लावून देणं हाच तिचा धंदा. डोंबिवलीच्या या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा चहा नको म्हणाली, आणि सरोजबाईंच्या लेखी तिचा निकाल तिथेच लागला.

पण त्या रविवारी सकाळी कादंबरी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "आजी, ऐक ना. ते तांदळात नवरीचं नवीन नाव लिहितात ना, ते आपण ठेवलंय. समृद्धी बोलली की कॅमेऱ्यात एकदम भारी येतं. तांब्याचं मोठं ताट, वरून ड्रोन."

"म्हणजे तू नाव बदलणार?"

"वेडी आहेस का! आधार, पासपोर्ट, कंपनी, कोण बदलत बसणार? फक्त ताटात. अद्वयचं आणि त्याच्या घरच्यांचं काही म्हणणं नाही. पण त्या नावाला काहीतरी अर्थ पाहिजे ना, उगाच काहीही कसं लिहिणार? म्हणून मी विचार केला... तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं गं?"

सरोजबाईंचे हात मेथीच्या जुडीवर थांबले. या घरात येऊन त्यांना चोपन्न वर्षं झाली होती. सासूसासरे गेले, नवरा गेला, पण हा प्रश्न त्यांना कोणी म्हणजे कोणी विचारला नव्हता. पोटच्या मुलाला, श्रीरंगला तरी आईचं जुनं नाव ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

"मंदाकिनी," त्या म्हणाल्या. आवाज नीट फुटला नाही म्हणून परत म्हणाल्या, "मंदाकिनी."

"अगं, काय क्लासी नाव आहे! आणि तू ते सोडून सरोज झालीस? ठरलं. ताटात मंदाकिनी. डन!"

झालं, इतकंच. पोरगी फोन कानाला लावून गॅलरीत पोचलीसुद्धा. सरोजबाई मेथी निवडायला लागल्या, आणि पानं देठांच्या ढिगात टाकत गेल्या.

त्यांचं लग्न कल्याणला एका शाळेत झालं होतं, मे महिन्याच्या सुट्टीत. वर्गांतले बाक हलवून पंगती मांडलेल्या आणि फळ्यावर कोणीतरी रंगीत खडूंनी गणपती काढलेला. दोन दिवस दोन्हीकडची माणसं त्याच वर्गांमध्ये झोपली. मग वरात डोंबिवलीला आली, लक्ष्मीपूजन झालं, आणि नवऱ्याने अंगठीने ताटातल्या तांदळात काहीतरी लिहिलं. नवरीला वाटलं, आपलंच नाव असणार. ताट फिरवून तिच्यापुढे आणलं तेव्हा त्यात 'सरोज' होतं. का, तर नणंदेचं नाव मंदा. एका घरात दोन मंदा नकोत, असं सासूबाईंनी आधीच ठरवून टाकलेलं. नवरीला विचारावं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आलं असतं तरी ती 'बरं' म्हणाली असती, ही गोष्ट वेगळी. पुढच्याच वर्षी ती नणंद लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिथे तिचंही नाव बदललं. म्हणजे ज्या मंदेसाठी हा सगळा खटाटोप केला, तीसुद्धा मंदा राहिली नाही. बोला आता!

धाकटा भाऊ विश्राम कळव्याला राहायचा. तो होता तोवर 'मंदे' अशी हाक मारणारं एक तरी माणूस होतं. "मंदे, जेवलीस का?" फोनवर एवढंच विचारायचा. गेल्या श्रावणात तो गेला. त्याच्या दहाव्याला सरोजबाई रडल्या त्या भावासाठी, आणि थोड्या स्वतःसाठीही, पण हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

आणि आता ते नाव चारशे माणसांपुढे ताटात लिहिलं जाणार होतं. लिहिलं जाणार, माइकवरून वाचलं जाणार, लोक टाळ्या वाजवणार. पंच्याहत्तरीच्या बाईने इतकं खूश व्हावं का? पण झाल्या. आंघोळीला गेल्या की नळाशी उभ्या राहून हळूच म्हणून बघायच्या, मंदाकिनी. शेजारच्या बाईंना निमित्त काढून सांगून आल्या. चोपन्न वर्षांत त्यांनी कुणाकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं, आणि हे तर न मागता मिळत होतं. आता फक्त तो दिवस बघेपर्यंत हातपाय धड राहू देत, एवढंच त्या देवाला सांगत.

संध्याकाळी सून क्लासवरून आली. देवयानी. वीस वर्षं दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवून तिचा आवाज बसल्यासारखा झाला होता, घरी आली की ती कमीच बोलायची. सरोजबाईंनी तिला दारातच सगळं सांगितलं.

"छान," देवयानी म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

तिचं सगळंच असं. छान, बरं, चालेल. भांडण म्हणाल तर तीस वर्षांत एकदाही झालं नाही. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, सरोजवहिनी, सून मिळावी तर तुमच्यासारखी. सरोजबाईंनाही तसंच वाटे.

दोन दिवसांनी समृद्धीचा निरोप आला. आजींचं जुनं नाव असलेलं एखादं कागदपत्र हवंय, मोठ्या पडद्यावर दाखवायला. सरोजबाईंना आठवलं, मॅट्रिकचा दाखला कपाटात आहे. दुपारी घरात कोणी नव्हतं. स्टूल घेऊन त्यांनी गोदरेजच्या कपाटाचा वरचा कप्पा उपसायला काढला. लाइटची जुनी बिलं, सत्यनारायणाची पोथी, नवऱ्याचं पेन्शनचं पुस्तक. सगळ्याच्या खाली एक निळी प्लॅस्टिकची फाइल होती. दाखला त्यातच असेल म्हणून त्यांनी ती उघडली.

फाइल त्यांची नव्हती. वर एम. एस्सी.चं प्रमाणपत्र होतं, रसायनशास्त्र, पहिला वर्ग. नाव योगिनी.

सरोजबाईंना क्षणभर कळेचना, ही योगिनी कोण.

मग कळलं, आणि त्या स्टुलावरून उतरून पलंगावर बसल्या. देवयानीचं नाव योगिनी होतं. अर्थात होतं. साखरपुड्याच्या आधी श्रीरंग मान खाली घालून सांगायला आला होता, "आई, ती म्हणते नाव नको बदलायला. तिचं शिक्षण सगळं त्या नावावर आहे." सरोजबाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या, घरात त्यांचा शब्द चालत होता. त्या म्हणाल्या होत्या, "मी नाही का बदललं? माझं काय बिघडलं?" आणि देवयानी हे नाव त्यांनी मनापासून निवडलं होतं, हेही खरं. त्यांना मुलगी हवी होती, झाली असती तर तिचं हेच नाव ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. डोंबिवलीतल्याच हॉलमध्ये लग्न झालं, पाचशे पान उठलं, पंगतीऐवजी उभ्याने जेवायची पद्धत नवीन आलेली म्हणून अर्धे पाहुणे ताट हातात घेऊन खुर्ची शोधत हिंडत होते. श्रीरंगने तांदळात देवयानी लिहिलं. नवरी फोटोत हसली. तिचे वडील मागे उभे होते, ते हसले की नाही, हे सरोजबाईंनी तेव्हा बघितलं नव्हतं.

प्रमाणपत्राखाली दोन पत्रं होती. ठाण्याच्या एका कॉलेजची, लग्नानंतर चार महिन्यांची. पहिल्यात लिहिलं होतं, अधिव्याख्याता पदासाठी आपली निवड झाली आहे, परंतु अर्जावरील नाव आणि प्रमाणपत्रांवरील नाव वेगळं असल्याने आवश्यक ती कागदपत्रं पंधरा दिवसांत सादर करावीत. दुसरं दोन ओळींचं होतं. मुदतीत पूर्तता न झाल्याने जागा भरण्यात आली आहे.

आता अर्जावर नवं नाव लिही, असं कोणी सांगितलं होतं? सरोजबाईंनीच. त्यांना तो दिवस स्वच्छ आठवला. देवयानी जेवणाच्या टेबलावर अर्ज लिहीत होती. "माहेरचं नाव कशाला लावतेस आता? लोकांना वाटेल सासर पसंत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. तिने कागद फाडला, दुसरा घेतला आणि नवं नाव लिहिलं. मग पंधरा दिवस ती ठाण्याच्या कचेऱ्यांत खेपा घालत होती, रोज काही ना काही कमी पडत होतं. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "नाही झालं काम, आई." आणि सरोजबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, घाई काय आहे? जरा घरात राहा." वर तिला गरम भजी करून वाढली होती. मनाने खरोखरच चांगल्या होत्या हो त्या. तेच तर वाईट.

मॅट्रिकचा दाखला दुसऱ्या कप्प्यात सापडला. त्यावर मंदाकिनी हे नाव वळणदार अक्षरात होतं. सरोजबाईंनी ते बघितलं आणि दाखला पालथा घालून ठेवला.

संध्याकाळी देवयानी पोळ्या लाटत होती तेव्हा त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"मी काय म्हणते, ताटात माझं नाव नको. कादंबरीला सांगते, आईचं लिही म्हणावं. तुझं. योगिनी."

लाटणं थांबलं नाही. "फाइल बघितलीत तुम्ही."

"दाखला शोधत होते..."

"असू दे. मी लपवून नव्हती ठेवली."

"मला माहीत नव्हतं गं, निवड झालेली होती ते. तू बोलली नाहीस कधी."

"बोलून काय झालं असतं?" देवयानीने पोळी तव्यावर टाकली. "आई, तुमची हौस आहे, ती होऊ दे. मला त्यात ओढू नका. चारशे माणसांत माझं नाव ताटात बघायला मला आवडणार नाही. कादंबरीला काही सांगूही नका, ती उगाच रडेल आणि मग मला तिची समजूत घालत बसावं लागेल."

"राग आहे का तुझा माझ्यावर?"

देवयानीने खरंच विचार केल्यासारखं केलं. पोळी उलटली, कडा फडक्याने दाबल्या. "होता. मग कादंबरी झाली, मग बाबांचं आजारपण, मग क्लास. कधी गेला कळलं नाही. आता शोधला तर सापडायचा नाही. तुम्ही जेवायला बसता का? गरम आहे तोवर."

खोटं कशाला बोला, सरोजबाईंना हायसं वाटलं. नाव सोडून द्यायला त्या तयार झाल्या होत्या हे खरं, पण ते सोडावं लागलं नाही म्हणून आतून एक बारीकसा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची त्यांना तिथेच, ताटावर बसल्या बसल्या शरम वाटली. माफी मागावी असं तोंडाशी आलं. पण सासूने सुनेची माफी मागायची म्हणजे काय बोलायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. त्यांच्या सासूने कधी मागितली नव्हती. त्यांनी आमटीत मीठ कमी आहे का ते बघितलं आणि जेवल्या.

त्या रात्रीपासून लग्नाच्या दिवसापर्यंत त्या एकाच गोष्टीचा विचार करत राहिल्या. माफी जमत नाही तर निदान एकदा तिला तिच्या नावाने हाक मारायची. एकदा तरी या घरातल्या माणसाने तिला योगिनी म्हणायला हवं, आणि ते माणूस आपणच असायला हवं. घरात दहादा तोंड उघडलं आणि दहादा 'देवयानी'च बाहेर आलं. जिभेला तीस वर्षांची सवय. शेवटी त्यांनी ठरवलं, लग्नातच मारायची हाक. मंगल दिवस आहे, तिथे जमेल.

लॉन मोठं होतं. हिरवळीवर पांढरे पडदे, जागोजागी फुलांच्या कमानी, आणि प्रत्येक कमानीशी फोटो काढायला रांग. लग्न सकाळी लागलं. मंगलाष्टकं कुणा गायिकेच्या आवाजात रेकॉर्ड केलेली होती, सुरेल होती, पण शेवटच्या 'सावधान'ला मामा कुठे आहे ते कुणी बघितलं नाही, सगळे फोन वर धरून उभे. सरोजबाईंना पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं. देवयानी निळ्या पैठणीत इकडून तिकडे, पाहुण्यांना बघत, पाणी विचारत, सकाळपासून बसलेली नव्हती.

चार वाजता ताट आलं. तांब्याचं, परातीएवढं. अद्वयने अंगठी घेऊन तांदळात लिहायला सुरुवात केली. डोक्यावर ते ड्रोन घरघरत आलं आणि त्याच्या वाऱ्याने तांदूळ भुरभुर उडाले. अर्धा 'म' पुसला. लोक हसले. ड्रोन वर नेलं, समृद्धीने हाताने तांदूळ सारखे केले, अद्वयने परत लिहिलं. फोटोग्राफर म्हणाला, सर, जरा हळू, शेवटचं अक्षर फोकसमध्ये नाही आलं. परत तांदूळ सारखे केले. तिसऱ्यांदा लिहिलं. पडद्यावर सरोजबाईंचा मॅट्रिकचा दाखला झळकला, निवेदिका माइकवर म्हणाली, "आणि आपल्या सुंदर नवरीचं नाव आहे, आजीच्या आठवणीतलं, मंदाकिनी!" टाळ्या. सरोजबाईंनाही कोणीतरी उभं केलं, त्यांच्यावरही कॅमेरा फिरला. कादंबरीने येऊन त्यांना मिठी मारली आणि मिठी मारूनच कॅमेऱ्याकडे बघून हसली.

नाव चारशे माणसांनी ऐकलं. सरोजबाईंनीही ऐकलं. वाट बघत राहिल्या, आत काही हलेल म्हणून. काही हललं नाही. हे नाव म्हणजे कुणीतरी सुंदर, पडद्यावरची, सव्वीस वर्षांची मुलगी होती. त्यांना 'मंदे' म्हणणारा तर गेल्या श्रावणातच गेला होता. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

दहा मिनिटांत सगळे जिलेबीच्या काउंटरकडे पांगले. ताट तसंच राहिलं स्टेजवर. एक कामवाली बाई आली आणि तिने तांदूळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून घेतले. बॅंडवाल्यांनी चहासाठी वाद्यं खाली ठेवली, स्पीकर बंद झाला, आणि लॉनवर जरा शांत झालं.

देवयानी स्टेजच्या पायरीशी एकटीच उभी होती. सरोजबाईंपासून चार पावलांवर, पाठमोरी. पदर सावरून रिकाम्या मांडवाकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कुणी बोलवत नव्हतं. हीच वेळ, सरोजबाईंनी मनाशी म्हटलं. सोफ्याच्या हाताला धरून त्या पुढे वाकल्या.

"योगिनी," त्यांनी हाक मारली.

देवयानी वळली नाही.

आवाज लहान पडला असेल. सरोजबाईंनी घसा खाकरला. "योगिनी! ए योगिनी!"

पलीकडच्या खुर्चीतल्या कुणा बाईने मान वर करून बघितलं, फुलं आवरणाऱ्या दोघींनी बघितलं. देवयानीने हातातला रुमाल घडी करून कमरेला खोचला. तिच्या मानेवरचा एक केससुद्धा हलला नाही. ती काही रुसलेली नव्हती, मुद्दाम करत नव्हती, तीस वर्षं बघितलेली पाठ सरोजबाईंना कळत होती. कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं, एवढंच तिच्या कानावर पडलं असावं.

सरोजबाई सोफ्यात मागे टेकल्या. डोळे भरून आले ते त्यांनी पदराने टिपले, इथे कुणी विचारलं तर नातीसाठी रडतेय म्हणता आलं असतं, पण कुणी विचारलं नाही. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात, फार मोठ्यानेही नाही, हाक मारली.

"देवयानी."

देवयानी लगेच वळली. "आले हं आई," म्हणाली, आणि आली. "काय हवंय? पाणी आणू?"

"हो," सरोजबाई म्हणाल्या. "पाणीच आण."